कितीची फाडू?

गगनबावड्यासारख्या गावात सार्वजनिक संस्थेला पैसे देण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांतला सगळ्यांत जुना आणि आजही सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे पावतीपुस्तक. संस्था वाचनालय असो, तालीम असो, भजनी मंडळ असो की शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ. तिची घटना हरवली तर चालते, पावतीपुस्तक हरवून चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला हा सर्वांत लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पस्तीस हजारांच्या आसपास भरली. त्यामुळे वर्गणी मागणारा आणि देणारा एकमेकांना ओळखतात, बहुधा एकमेकांचे पाहुणे लागतात, आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या संस्थेच्या कामासाठी तेच दोघे जागा बदलून समोरासमोर उभे असतात. गावातली शंभराची एकच नोट अशी चार संस्थांचे कल्याण करून मूळ मालकाकडे परत येऊ शकते.

वर्गणीला जाणाऱ्यांची संख्या तीन असावी असा संकेत आहे. एक बोलणारा, एक लिहिणारा आणि एक असा, की ज्याला घरधन्याला नाही म्हणता येत नाही. हा तिसरा काहीच बोलत नाही, नुसता चहा पितो. वर्गणी खरे तर त्याच्यामुळे मिळते. घरधनी पुस्तक हातात घेतो आणि आधीच्या पावत्यांच्या कार्बनप्रती उलटून पाहतो. कायद्याने नोंदणी क्रमांक पावतीच्या माथ्यावर छापलेला असतो, पण त्याकडे कोणी बघत नाही. बघायचे असते ते शेजाऱ्याने काय दिले हे.

“कितीची फाडू, तात्या?”

“वरच्या आळीच्या आण्णांनी किती दिलं?”

“पाचशे-एक.”

“त्येंचं दोन पोरं नोकरीला हाईत. माझं लिव एकशे-एक. आन् नाव नीट लिव, गेल्या साली आडनाव चुकलंतं.”

म्हणूनच पुस्तकातली पहिली पावती कोणाची फाडायची, हा कार्यकारिणीच्या बैठकीत चर्चेचा विषय असतो. पहिली पावती एक्कावन्नची फाटली, तर ते पुस्तक शेवटपर्यंत एक्कावन्नच्या वर चढत नाही. अनुभवी खजिनदार पहिले पान एखाद्या सधन माणसासाठी मोकळे ठेवतो आणि तो सापडेपर्यंत दुसऱ्या पानापासून काम सुरू करतो. हिशेबतपासनिसाला तारखांचा हा उलटा क्रम कधीच कळत नाही. वरचा एक रुपया मात्र कोणी सोडत नाही. शून्यावर थांबणे अशुभ मानतात, एवढे त्याचे कारण सांगितले जाते. पाचशेचे तीनशे करताना हात न कचरणारा माणूसही तीनशे-एकच देतो.

कायद्याचे अंग थोडक्यात सांगता येते. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळांसारख्यांनी वर्गणी गोळा करण्यापूर्वी त्याच कायद्याच्या ४१-क कलमाखाली परवानगी घ्यायची असते. हवामानाचे अंग जास्त अवघड आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जूनमध्ये पावतीपुस्तकाची पाने एकमेकांना चिकटतात, शाई पसरते आणि एकशे-एकचे काय झाले हे फक्त देणाऱ्याला आठवते. त्यामुळे वर्गणीचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि वळवाबरोबर संपतो.

दुसरा मार्ग डब्याचा. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी किंवा वाचनालयाच्या दारात कुलूपबंद पेटी ठेवतात. तीत कोणी किती टाकले हे कळत नसल्याने तीत फार पडत नाही. पेटी पंचांसमक्ष उघडली जाते तेव्हा निघतात ती नाणी, एखादे शर्टाचे बटण आणि बाजारात कुणीही घेत नाही अशा फाटक्या नोटा. मात्र पेटी कधी रागावत नाही आणि कधी आडनाव चुकवत नाही. वाचनालयाचे महिन्याचे वीजबिल बऱ्याचदा तीच भरते.

पैशाऐवजी धान्य देण्याची रीत याच मुलखातली, आणि तिच्यावर मोठमोठ्या संस्था उभ्या राहिल्या. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी त्यांनी मुष्टिफंड उभा केला. रोजच्या धान्यातली एक मूठ घरच्या बाईने वेगळ्या मडक्यात टाकायची, एवढेच त्याचे नियमपत्रक. या फंडात पावती नव्हती, पाटी नव्हती आणि शेजारणीने किती मोठी मूठ टाकली हे तपासायची सोय नव्हती. तरीही मुले जेवली. मडके रिकामे पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडायला दिले. पैशातली अशीच योजना म्हणजे पैसा फंड. माणशी एक पैसा जमवून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. मुठीची नवी आवृत्ती शिमग्याला दिसते. ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या आवाहनानंतर कोल्हापुरात होळीत जाणाऱ्या पोळ्या गोळा होऊन गरजूंच्या ताटात जाऊ लागल्या. पोळी देताना पुरण किती घातले आहे हे घेणाऱ्याला लगेच कळते, एवढाच त्यात देणाऱ्याला धोका.

यानंतर येते वस्तुरूप देणगी, आणि इथे विषय खरा रंगतो. पैसे देणाऱ्याचे नाव कार्बनप्रतीत राहते, वस्तू देणाऱ्याचे नाव वस्तूवर राहते. त्यामुळे नाव रंगवता येईल अशा वस्तूंकडे दात्यांचा ओढा असतो: भिंतीवरचे घड्याळ, लोखंडी कपाट, सिमेंटचा बाक आणि पंखा. पंख्याला तीन पाती असतात. त्यामुळे एका पात्यावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर आईचे आणि तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ हा मजकूर बसतो. गगनबावडा हे घाटमाथ्यावरचे थंड हवेचे गाव. करूळ आणि भुईबावडा घाटांतून वर येणारे धुके थेट खोलीत शिरते. तरीही इथल्या कुठल्याही लहानशा सभागृहात माना वर केल्या तर पंख्यांची दाटी दिसते. जून ते सप्टेंबर हे पंखे ओल्या छत्र्या आणि पुस्तके वाळवायला चालतात, म्हणजे ते अगदीच वाया जातात असे नाही. पण पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही आणि नाव दिसायचे तर पंखा बंद ठेवावा लागतो. बहुतेक दाते दुसऱ्या पर्यायावर समाधानी असतात.

वीजबिलावर, शिपायाच्या पगारावर किंवा छपराच्या गळतीवर नाव रंगवण्याची सोय अजून निघालेली नाही. त्यामुळे चार पंखे आणि तीन घड्याळे असलेल्या वाचनालयात पावसाळ्यात कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाखाली बादली ठेवलेली आढळते. बादलीवर कोणाचेही नाव नसते; ती विकत आणलेली असते. जुनी पुस्तके देणे हाही वस्तुदानाचाच भाग. घर रंगवायला काढले की माणसाला वाचनालयाची आठवण होते. त्या गठ्ठ्यात बाद झालेल्या अभ्यासक्रमांची गाइडे, दुसरा भाग नसलेल्या कादंबऱ्यांचे पहिले भाग आणि एखादी लग्नपत्रिका असते. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे. एवढ्या वर्षांत अशा गठ्ठ्यांनी अशी किती दारे ठोठावली असतील, याचा अंदाज कुठल्याही गावच्या ग्रंथपालाला सहज करता येईल.

देणगी कायम टिकावी असे वाटणाऱ्यासाठी पूर्वी इनाम होते. बावड्याच्या पंत अमात्यांच्या जहागिरीत देवळाच्या दिवाबत्तीला जमीन लावून दिली की पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होई. तिची आजची वारस म्हणजे कायम ठेव. रक्कम बँकेत राहते आणि व्याजातून दरवर्षी शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते. १९८५ च्या सुमारास कोणी आईच्या नावे एक हजार रुपये ठेवले असतील, तर तेव्हाच्या दहा-अकरा टक्क्यांनी वर्षाला शंभरएक रुपये येत, आणि शंभर रुपयांत मुलाला पितळी ढाल आणि शब्दकोश मिळे. आज तेच व्याज साठ-सत्तर रुपयांवर आले आहे. सोहळ्यात मुलाच्या गळ्यात घालायचा हार त्याहून महाग पडतो. तरीही बक्षिसाचे नाव, त्यामागची सगळी नातीगोती आणि सूत्रसंचालकाचा भारावलेला आवाज यांत कसलीही घट झालेली नाही.

दुःखद प्रसंगी जाहीर होणाऱ्या देणग्यांना या भागात मान आहे. रक्षाविसर्जनाला जमलेल्या मंडळींसमोर मृताच्या नावे शाळेला, वाचनालयाला इतके रुपये, असे घरचा कर्ता सांगतो. अशा वेळी आकडा ऐकून कोणी मान हलवत नाही, हा एकमेव प्रसंग. आनंदाच्या प्रसंगी तो संयम नसतो. जत्रेत देवापुढच्या नारळाचा लिलाव निघतो, तेव्हा बाजारात चाळीस रुपयांना मिळणारे फळ दोन भावकींच्या इरेला पडून चार आकडी होते. संस्थेच्या दृष्टीने भावकीतला वाद हे एक उत्पन्नाचे साधन आहे. फक्त तो लिलावापर्यंत टिकवून धरावा लागतो.

शेतकऱ्याच्या देणगीचे वेळापत्रक वेगळे. असळजच्या साखर कारखान्याकडे ऊस गेला की “बिल आल्यावर देतो” हे वाक्य तालुक्यात सर्वमान्य हुंडीसारखे चालते. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात म्हटले आहे. वर्गणी मागणाऱ्याला तो आदेश तोंडपाठ असतो. दुधाचे तसे नाही. गावच्या डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी निघते, आणि सभासदांनी संमती दिली तर त्यातून पाच-दहा रुपये परस्पर वळते करता येतात. हा मार्ग इतका मुकाट आहे, की देणाऱ्यालाही आपण दिले हे आठवत नाही. म्हणूनच तो थकत नाही.

मुंबईला नोकरीसाठी गेलेल्यांची देणगी गणपतीला आणि शिमग्याला गावात येते. पूर्वी ती मनिऑर्डरने किंवा एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केलेल्या पाकिटातून यायची; आता क्यूआर कोडवरून येते. यूपीआय २०१६ पासून आले, आणि त्याने दोन प्रश्न सोडवून एक नवा निर्माण केला. सुट्ट्यांचा प्रश्न मिटला, आडनावाच्या शुद्धलेखनाचा मिटला. पण पेटीशेजारी ठेवलेला बोलका डबा प्रत्येक रक्कम ठणठणीत आवाजात जाहीर करतो, त्यामुळे गुप्तदान संपुष्टात आले. शिवाय धुके दाट असले की रेंज जाते. पैसे खात्यातून वजा होतात, डबा मात्र गप्प राहतो, आणि दाता तो बोलेपर्यंत दारातून हलत नाही.

आयकराच्या सवलतीबद्दल पुष्कळ ऐकू येते. ऐंशी-जी या नावाने ओळखली जाणारी सवलत मिळवायला संस्थेकडे तशी मान्यता लागते, दोन हजारांच्या वरची रोख देणगी तीत धरत नाहीत आणि नव्या करप्रणालीत गेलेल्याला ती मिळतच नाही. गगनबावड्यात तिचे आकर्षण मुळातच कमी, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. इथला दाता देतो ते सवलतीवाचून, फक्त वरच्या आळीच्या आण्णांकडे बघून.

परदेशातून येणारी मदत हा तर प्रबंधाचा विषय आहे. गावचा मुलगा भारतीय पासपोर्टवर परदेशात असेपर्यंत तो आपल्या बँकखात्यातून वाचनालयाला सहज पैसे पाठवू शकतो. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, की त्याचे शंभर डॉलर ही विदेशी देणगी होते. मग वाचनालयाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी संस्था निदान तीन वर्षांची हवी आणि त्या तीन वर्षांत तिने पंधरा लाख रुपये आपल्या कामावर खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. छपराचे चार पत्रे बदलायचे असलेले वाचनालय हे वाचते आणि आणखी एक बादली आणते. कंपन्यांच्या दोन टक्क्यांचीही तीच गत. २०१३ च्या कायद्याने पाच कोटींच्या वर निव्वळ नफा असलेल्या कंपनीला समाजकार्यावर खर्च करणे भाग आहे. पण त्यासाठी लागणारा प्रकल्प अहवाल लिहील असा सभासद मिळाला, तर तो बहुधा पुण्यात नोकरीला असतो.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी श्रमदान असते, आणि ज्यांच्याकडे वेळही नाही त्यांच्यासाठी आश्वासन. आश्वासन भाषणाच्या ओघात, माइक हातात असताना आणि टाळ्या अपेक्षित असताना दिले जाते. ते इतिवृत्तात नोंदवतात, वार्षिक अहवालात छापतात आणि सभेत त्याबद्दल आभाराचा ठराव करतात. पावतीपुस्तकात मात्र त्याच्यासाठी एक पान कोरे ठेवतात. पुस्तक संपले, की खजिनदार त्या पानावर ‘रद्द’ लिहून सही करतो.