पाणी पिणे : टप्पा पहिला

आमच्या केंद्रप्रमुख सरांनी परवा पाखरांचं प्रशिक्षण घेतलं. विषय होता पाणी पिणे.

सर सेवानिवृत्त झाले, पण त्यांच्यातलं प्रशिक्षण काही निवृत्त व्हायला तयार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांची हयात गेली त्यांना हा माणूस वेगळा सांगायला नको. कुठल्याही कामाचे टप्पे पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. इस्लापुरात कुणाचं लग्न असलं की सर वाढप्यांना ओळीत उभं करतात आणि "टप्पा एक, मीठ" असं सुरू करतात. टप्पा पाचला वरण येईस्तोवर भात गार. पावसाळ्यात पाहुणे सहस्रकुंडाचा धबधबा बघायला येतात. पैनगंगा जीव तोडून कोसळत असते आणि सर तिच्याकडं पाठ करून, धबधबा कसा बघावा ते समजावून सांगत असतात. एका अंत्ययात्रेत तर त्यांनी खांदेपालटाचे टप्पे पाडले. तिसऱ्या टप्प्याला मयताचा थोरला हात जोडून म्हणाला, "सर, आमच्या अण्णांनी तुमची समदी प्रशिक्षणं केलीत. आता तरी जाऊ द्या त्यायला."

तर पाखरं. सरांना खरं म्हणजे हवी होती मुनिया, नदीकाठच्या गवतात थव्यानं उतरते ती. पण आपल्या रानातली मुनिया पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. मग जावयानं हैदराबादच्या मुर्गी चौकातून झेब्रा फिंचच्या तीन जोड्या आणून दिल्या. पाखरू मूळचं ऑस्ट्रेलियातलं. चोच लाल, नराच्या गालावर नारिंगी ठिपका, आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा. राळे खातं, मडक्यात काथ्या ओढून घरटं करतं आणि मातीच्या वाटीतून पाणी पितं. त्या वाटीत राळ्याची टरफलं पडायची, शीट पडायची. म्हणून जावयानंच पुढं नळीची बाटली पाठवली. ती उलटी टांगायची. पाखरू पिईल तेवढंच पाणी खाली उतरतं, बाकीचं हवेच्या दाबानं वरच थांबतं. सर तिला डिस्पेन्सर म्हणतात. काकू सलाईन म्हणतात.

दुसरा कुणी असता तर बाटली टांगून आत झोपायला गेला असता. सरांनी वही काढली. टप्पा एक, परिचय : बाटली पिंजऱ्याबाहेर, नुसती दिसेल अशी. टप्पा दोन, भीती घालवणे : बाटली आत, पण रिकामी. टप्पा तीन, प्रात्यक्षिक. त्यासाठी सरांनी पिंजऱ्यापुढं खुर्ची टाकली, दुसऱ्या बाटलीच्या नळीला ओठ लावले, घोट घेतला आणि कोंबडीगत मान वर करून गिळला. अडचण एवढीच होती की झेब्रा फिंच मान वर करतच नाही. ते कबुतरासारखं चोच पाण्यात ठेवूनच पाणी ओढतं. त्यामुळं वर्गानं प्रात्यक्षिक शांतपणे पाहिलं आणि पुन्हा राळे टिपायला घेतले.

"लक्ष नाही यांचं," सर म्हणाले.

"अहो, तहान लागली की पितील की," काकू आतून म्हणाल्या. "त्यायला कामून पाठ द्यायलात?"

त्याच दिवशी पायाभूत चाचणी झाली आणि सहाच्या सहा पाखरांची नोंद अप्रगत अशी झाली.

शिकणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ हेच पाखरू पाळतात, हे मी सरांना सांगितलं. कोंबडीनंतर जिचा सगळा जनुकसंच वाचला गेला ती पक्ष्यांची दुसरी जात हीच. ते साल २०१०. नर पिल्लू बापाचं गाणं ऐकतं, मनात धरतं आणि स्वतःशी पुटपुटत पुटपुटत महिना-दोन महिन्यांत पक्कं करतं. ना पुस्तिका, ना कार्यशाळा. सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बापाचं प्रशिक्षण झालेलं असणार."

शेवटी विद्यार्थी शिकले ते टप्पा सहाला, सर खुर्चीत पेंगत असताना. वहीत जिच्या नावापुढं 'विशेष लक्ष द्यावे' असा शेरा होता ती एक फिकट मादी नळीच्या टोकाशी लकाकणाऱ्या थेंबाला टोचून बघायला गेली. थेंब चोचीत आला, मागून दुसरा आला. तिनं तिथंच चोच रोवली. बाकीचे पाचजण तिच्या अंगावर चढून रांगेला लागले. काकूंनी हाक मारली तसे सर जागे झाले. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं : टप्पा सहा, साध्य.

इतके दिवस ती जुनी मातीची वाटी मात्र पिंजऱ्यातच होती. मेच्या उन्हात सर ती सकाळ-संध्याकाळ घासून भरत होते. मी म्हणालो, "सर, वाटी काढली असती तर एका दिवसात शिकली असती."

"पाच शिकली असती. सहावं नसतं शिकलं तर?"

या उत्तराला टप्पे नव्हते.

मग ते बोलत राहिले. १९९४ला डीपीईपी, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षणाची योजना आली, राज्यात पहिल्यांदा ज्या जिल्ह्यांत आली त्यांत आपलं नांदेड. २००१ला सर्व शिक्षा अभियान, २०१५ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. दर खेपेला नवी पुस्तिका आली की जुनी बंद. तांड्यावरचं पोरगं घरी गोरमाटी बोलतं, कोलामपोडातलं कोलामी. एक रीत कुठं त्याच्या अंगवळणी पडायला लागली की वरचे लोक दुसरी घेऊन हजर. "दर वेळी वाटी आधी काढली आपण," सर म्हणाले.

'आपण' हे त्यांचं मोठेपण. कारण प्रशिक्षण संपलं की हेच सर व्हरांड्यात एकेका मास्तराला बाजूला घेऊन हळूच सांगायचे, "तुमचं जुनं चालू द्या. अहवालात फक्त नवीन लिहा." आमच्या केंद्रात याला लबाडी म्हणायचे. त्या लबाडीवर किती पोरं वाचायला शिकली, याचा रकाना मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हता.

मी उठलो तेव्हा काकू रिकामी घागर घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या गल्लीत नवे नळ बसले, आणि बसले त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा हातपंप उपसून नेला. माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं असं या नळांच्या योजनेत लिहिलेलं आहे. तोट्या चकचकीत आहेत.

"पाखरं झाली शिकून," काकू म्हणाल्या. "आता त्या तोटीला शिकवा म्हणावं पाणी द्यायला."

सरांनी सवयीनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"तिथं आपले टप्पे चालत नाहीत. तिथली वाटी आधीच नेली त्यांनी."