घोड्यामागून वरात

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याबाहेरच्या अरुंद रस्त्यावर रविवारी सकाळी दहा-बारा मोटारी हॉर्न न वाजवता, मनातल्या मनात चरफडत सरकताना दिसल्या, तर पुढे प्रेतयात्रा आहे असं समजू नये. पुढे घोडा आहे. घोडा ट्रेलरमध्ये, ट्रेलर जुन्या लँड रोव्हर डिफेंडरला जोडलेला आणि स्टीअरिंगवर सत्तरीचे आजोबा. मागच्या वरातीचं त्यांना काडीचंही सोयरसुतक नाही. ट्रेलर लावून अशा रस्त्यावर ताशी ५० मैलांपर्यंत जायला कायद्याची हरकत नसते. हरकत आजोबांची असते.

घोडी नातीची. आजोबा जन्मात घोड्यावर बसलेले नाहीत आणि बसायची इच्छाही नाही. नातीला जिथे लाडकी ‘हनी’ दिसते, तिथे त्यांना साडेपाचशे किलो दिसतात. तेही वळणावर पाय बदलणारे. ट्रेलरमध्ये घोडी एकटी असेल तर तिला उजव्या कप्प्यातच उभं करायचं, कारण इथला रस्ता मधे उंच आणि डावीकडे उतरता असतो. ‘‘पण तिला डावीकडून बाहेरचं छान दिसतं,’’ असं नात म्हणाली, तर ‘‘तिला म्हणावं, येताना पाहा,’’ असं उत्तर मिळतं. येतानाही घोडी उजवीकडेच असते, हा भाग वेगळा.

या माणसाचा खरा सोहळा निघण्याआधीचा. डिफेंडरचं अंग ॲल्युमिनियमचं, त्याला गंज चढत नाही. चेसिस पोलादी, ती मात्र मन लावून गंजते. त्यातही मागची आडवी तुळई आधी, आणि ट्रेलर ओढायचा गोळा नेमका तिथेच. म्हणून आजोबा चिखलात उताणे होऊन गाडीखाली शिरतात आणि माठ घेताना वाजवून पाहावा तशी ती तुळई हातोडीने वाजवतात. ‘टण्ण’ आलं तर पुढे. ‘भद्द’ आलं तर नातीची स्पर्धा रद्द. तेल गळायचं थांबलं म्हणजे तेल संपलं, हा या गाडीच्या भक्तांचा जुना विनोद. आजोबा तो विनोद म्हणून सांगत नाहीत.

मग ट्रेलर. आतली रबरी चटई उचलून खालच्या फळ्यांना ते स्क्रू-ड्रायव्हर टोचतात. घोड्याच्या मुतानं फळी आतून कुजते आणि वरून मात्र शहाण्यासारखी दिसते. कडी गोळ्यावर बसली की पुढचं छोटं चाक खाली फिरवत राहायचं. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली तरच कडी अडकली असं मानायचं. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक ओढणारी बारीक तारही हाताने चाचपून होते. राहिले दिवे. ‘‘ब्रेकचा लागला का गं?’’ या प्रश्नाला आजी वर्तमानपत्रातून डोकं न काढता ‘‘लागला’’ म्हणतात, हे एकदा लक्षात आल्यापासून गॅरेजच्या दारावर त्यांच्याच ड्रेसिंग टेबलचा आरसा ठोकलेला आहे.

थोडक्यात, आजोबांचा कशावरच विश्वास नाही, आणि सर्वांत कमी स्वतःच्या गाडीवर. हिचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, गिअरबॉक्समागच्या फिरत्या दांड्याला धरतो. एक चाक जॅकवर उचललं की गाडी हँडब्रेक ओढलेला असूनही निघून जाऊ शकते. म्हणून दाराच्या कप्प्यात चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे. चहाचा थर्मास त्यानंतर.

जावयाचं सगळं उलट. त्याच्या नव्याकोऱ्या गाडीला चहूबाजूंनी कॅमेरे आहेत, ट्रेलर झुलायला लागला तर गाडी आपली आपण सावरते म्हणे. असा निर्धास्त माणूस आजोबांना बघवत नाही. सार्वजनिक रस्त्यावर ट्रेलरमध्ये माणूस बसवता येत नाही, म्हणून त्यांनी जावयाला घरच्या शेतात ट्रेलरमध्ये उभं केलं आणि दोन वळणं, एक ब्रेक असा प्रसाद दिला. जावयाला धोंड्याचं वाण द्यायची पद्धत त्या देशात नाही, हे तेव्हा चांगलंच जाणवलं. खाली उतरल्यावर त्याचा चेहरा घोडीपेक्षा लांब झाला होता. पण वळणाआधी बरंच अलीकडे पाय काढायला तो त्या दिवशी शिकला. ट्रेलर सापासारखा वळवळू लागला तर ब्रेक दाबायचा नाही, स्टीअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यायचा, हे मात्र तोंडी सांगण्यावर भागलं.

आजोबांना एकच दुःख आहे. १ जानेवारी १९९७ पासून परवाना मिळवणाऱ्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. डिसेंबर २०२१मध्ये सरकारने तीही काढून टाकली. ‘‘आता कोणीही सोम्यागोम्या साडेतीन टन मागे लावून फिरेल,’’ म्हणताना त्यांचा आवाज भरून येतो. स्वतः त्यांनी ती परीक्षा दिलेली नाही. त्यांचा परवाना त्याआधीचा.

मैदानावर पोचल्यावर चिखलात रुतलेल्या दोन-तीन नव्या गाड्या डिफरेन्शियल लॉक टाकून ते बाहेर ओढून देतात. दोर लावण्याआधी समोरच्याचा हुक दोनदा हलवून बघतात, तेव्हा तो मालक जरा नाराज होतो. मग आजोबा ट्रेलरच्या चाकांच्या मधोमध हात ठेवत फिरतात, कुठे ब्रेक घासून तापलाय का ते पाहायला. तेवढ्यात नात लाल फीत फडकवत धावत येते. पहिला नंबर!

‘‘डावं मागचं,’’ आजोबा तिला गंभीरपणे सांगतात, ‘‘जरा कोमट लागतंय.’’