गुत्तेदार दाजींचे महाल

आमच्या ताईचे यजमान लातूरला गुत्तेदार आहेत. नाल्या, शाळाखोल्या, कम्पाउंड वॉल, फार तर एखाद्या समाजमंदिराचा स्लॅब. वर्षभर हा माणूस सिमेंटची पोती आणि अडकलेली बिलं यांतच असतो. पण जोडून सुट्ट्या आल्या आणि आम्ही नांदेडहून लेकरं घेऊन यायलोय असं कानावर गेलं, की त्यांच्या अंगात एखादा बहमनी सुलतान शिरतो. रात्री जेवणं उरकता उरकता फोन वाजतो. "हं मेव्हणे, यंदा महाल बघू."

रिसॉर्ट नाही, वॉटर पार्क नाही. महाल. आणि बोलणारे घरचे थोरले जावई, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. आई तर फोन हातात न घेताच "ते म्हणत्यात तसं करा" म्हणून मोकळी होते.

या महालप्रेमाला कारण झाली माझी भाची. पहिलीत असताना टीव्हीवरच्या राजकन्येचा राजवाडा बघून तिनं विचारलं, "पप्पा, आपल्या जिल्ह्यात राजवाडा कामून नाही?" दुसरा बाप असता तर "झोप आता" म्हणाला असता. दाजींनी तो प्रश्न लेखी निवेदनासारखा दाखल करून घेतला. आता मराठवाड्यात राजवाडा दाखवायचा म्हणजे किल्ला दाखवायचा. किल्ल्यात कुठंतरी महालाची पाटी असते, पाटीमागं दोन कमानी असतात आणि कमानींवर थेट आभाळ असतं. उरलेला महाल दाजी तोंडानं बांधतात. "हितं झुंबर. हितं राजा बसायचा. ह्या बाजूनं राणीसाहेबांचा जिना." बोलता बोलता दोन्ही हात हवेत असे फिरतात, की स्लॅब पडला, आता एकवीस दिवस पाणी मारा म्हणतील असं वाटतं.

महाल निवडणं दाजींच्या लेखी सोयरीक जुळवण्याइतकं जोखमीचं आहे. आधी एकटे मोटारसायकलवर जाऊन बघून येतात. मग घरात सुनावणी होते. ताईला सावली आणि संडास पाहिजे. माझ्या बायकोला कठडे नसलेले जिने चालत नाहीत. आईला जवळपास देव पाहिजे, म्हणजे दिवस वाया गेला असं वाटत नाही. लेकरांना पाणी, माकडं आणि गारेगार. दाजींना पाहिजे असते फक्त भिंत. भिंत दिसली की बोटाच्या पेरानं ठोकून बघतात, कान लावतात आणि निकाल देतात, "चुना हाय. चुन्याला मरण नाही." एकदा ताई हळूच म्हणाली, "आणि तुमची ती शाळेची भिंत? दुसऱ्या पावसाळ्यात चिरली ती?" दाजी तितक्याच शांतपणे म्हणाले, "त्याला फंड कमी होता."

आमच्या नांदेडचा नंदगिरी किल्ला पहिल्याच फेरीत बाद झाला. गोदावरीच्या काठावर आहे, घरापासून जवळ आहे, सगळं खरं. पण "आत पाण्याची टाकी हाय, टाक्या मी रोजच बघतो," असं म्हणून त्यांनी फाइल बंद केली. कंधार मात्र पास झालं. कंधारच्या किल्ल्याला भोवती पाण्यानं भरलेला खंदक आहे, आणि पाणी म्हटलं की लेकरांची अर्धी मतं आपोआप मिळतात. दाजी राष्ट्रकूटांवर आले होते, तिसऱ्या कृष्णानं हे कसं उभारलं ते सांगत होते, आणि पोरं खंदकात खडे मारण्यात गुंग होती. मध्येच माझ्या पोरानं विचारलं, "मामा, पहिले दोन कृष्ण कुठं गेले?" दाजी खूश. पहिल्या कृष्णानं वेरूळचं कैलास लेणं करून घेतलं हे त्यांना पाठ होतं. "एकाच डोंगरात, वरून खाली कोरत आणलं बघ. आधी कळस, मग पाया." मग जरा थांबून, माझ्याकडे वळून, एका गुत्तेदाराच्या खऱ्याखुऱ्या काळजीनं म्हणाले, "ह्याची एमबी, मोजमापाची वही, कशी लिहिली असंल हो?"

उदगीरला ते दरवेळी रंगतात. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी इथं निजामाला नमवलं, दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर पदरात पाडून घेतलं, हे सांगताना दाजींची छाती रुंद होते. लेकरांनी "मग पुढं?" विचारलं की मात्र ते पाण्याची बाटली शोधायला लागतात. पुढं म्हणजे वर्षाच्या आत पानिपत. दाजींची गोष्ट उदगीरच्या पुढं जात नाही. भाऊसाहेब अजून तिथंच, जिंकलेले, तटावर उभे आहेत. लेकरं मोठी झाली की शाळेत कळेलच त्यांना, असं दाजींचं म्हणणं.

नळदुर्ग ही त्यांची खरी लाडकी जागा. तिथल्या पाणीमहालाला तोंडानं काहीच बांधावं लागत नाही. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीला आडवी भिंत घातली आणि त्या भिंतीच्या पोटातच महाल केला. नदीला पाणी आलं की नर आणि मादी असे दोन धबधबे भिंतीवरून खाली कोसळतात आणि आत उभा असलेला माणूस समोर पाणी बघत कोरडा राहतो. दाजींचं यावरचं मत असं, की ज्यानं धरणात महाल बसवला त्यानं दोन कामं एकाच टेंडरात केली. पण हा महाल बघायला बोरी भरून वाहायला पाहिजे, म्हणून श्रावण लागला की दाजी ओळखीच्या माणसांना रोज फोन करतात, "सांडवा सुटला का?" आईसाठी नळदुर्गला खंडोबाही आहे. तिथं एक अडचण अशी, की हा देव वर्षातले बरेच महिने जवळच्या अणदूरला राहतो आणि मार्गशीर्ष-पौषात नळदुर्गला मुक्कामाला येतो. म्हणजे पाणी असतं तेव्हा देव नसतो आणि देव येतो तेव्हा पाणी आटलेलं असतं. दाजींनी तोडगा काढला, आधी अणदूर, मग महाल. ती सहल पार पडली तेव्हा त्यांनी सगळ्यांकडे असं बघितलं, जणू थकलेलं बिल निघालं असावं.

हैदराबादचा चौमहल्ला मात्र अजून व्हायचा आहे. चार महाल, खिलवतच्या दरबारात बेल्जियमची झुंबरं, बाहेर निजामाच्या जुन्या मोटारी, लेकरांना याहून अधिक काय पाहिजे? दाजींनी झुंबरं मोजूनसुद्धा ठेवली होती, एकोणीस. पण आई अडून बसली. "माझ्या बापानं निजामाला सारा भरलाय. त्याच पैशाची झुंबरं ती. आता परत तिकीट कामून काढायचं?" मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ ही फक्त शाळेतल्या झेंडावंदनाची तारीख नाही, हे जावयालाही मान्य करावं लागलं. दाजींनी समजूत घातली, "आत्याबाई, आपल्याच पैशाचं आपण बघून येऊ की." आई नरमली, तेवढ्यात कळलं की आमची सुट्टी नेमकी शुक्रवारी येते आणि चौमहल्ला शुक्रवारी बंद असतो. ही बातमीही दाजींनीच आणली आणि तीही मोठ्या अभिमानानं, कारण महालांचे साप्ताहिक सुट्टीचे वार पाठ असणारा सबंध लातुरात दुसरा माणूस नाही.

त्यांच्या एका सवयीवर आम्ही फार दिवस हसलो. कुठल्याही दालनात शिरताना दाजी आधी एकटे आत जातात, मान वर करून छत बघतात, चौकटीवरचा दगड बघतात, भेग दिसली तर लेकरांना बाहेरूनच दाखवतात. "काय दाजी, पंचनामा झाला का?" असं मी विचारायचो. मग एकदा ताईनं सांगितलं. दाजींचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या टापूत. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून गाव झोपलं होतं आणि पहाटे चारच्या आत भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. दाजी तेव्हा चौथीत. बांधकामाच्या धंद्यात ते का पडले हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बिनछपराच्या महालाला मी नावं ठेवली की ते एवढंच म्हणतात, "वर आभाळ हाय ते बरंच हाय की. लेकरं मोकळी खेळत्यात."

गेल्या दिवाळीत बिदर ठरलं. क्रूझर सांगितली, ताईनं निलंगा राइसचा डबा भरला, वर धपाटे आणि शेंगाची चटणी. बिदरच्या लाल दगडाच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे, बरीदशाहीतला. कोरलेले लाकडी खांब, रंगीत फरशा, आणि काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली नक्षी. दाजींनी छत तपासलं, पास केलं आणि भाचीला पुढं करून म्हणाले, "बघ. हाय का नाही राजवाडा?" भाची आता मोठी झालीय, राजकन्यांचं वय मागं पडलंय. तिनं भिंतीकडे बघून मान हलवली आणि बाहेर पळाली. बाहेर सगळी लेकरं मातीत बसली होती. ताई ओरडणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "खेळू द्या. ह्याच किल्ल्याची माती बिदरी भांडी काळी करायला लागती." पोरांनी ऐकलं आणि खिशात भरायला सुरुवात केली. ताई दाजींकडे नुसती बघत राहिली. कपडे तिलाच धुवायचे होते.

जुन्या शाही हमामखान्यात आता संग्रहालय आहे. तिथं माझा धाकटा, वय वर्षं पाच, अचानक थांबला. त्याला तलवारीत रस नव्हता, तोफेत नव्हता. त्यानं विचारलं, "मामा, राजा संडासला कुठं जायचा?"

मी खाली बघितलं. माझी बायको दुसरीकडे बघायला लागली. दाजींचा चेहरा मात्र उजळला. इतकी वर्षं ते राजे, राण्या, झुंबरं सांगत होते, ते सगळं वाचून पाठ केलेलं. हा विषय त्यांच्या घरचा होता. त्यांनी सगळ्यांना बाहेर आणलं, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली, उकिडवे बसले आणि काडीनं जमिनीवर रेघ ओढली. पाणी उंचावरून कसं आणायचं, उतार किती ठेवायचा, नळ मातीचा का, सांडपाणी कुठं काढायचं, चेंबर कुठं घ्यायचं. लेकरं चोहोबाजूंनी चिकटून बसली. एकही हललं नाही. भाचीनंसुद्धा "पप्पा, मग तुंबलं तर?" असं विचारलं. दाजी म्हणाले, "तुंबायचं नाही. उतार दिला की तुंबत नाही." आणि दुसरी रेघ ओढायला घेतली.

उन्हं वर आली. आईनं पदरानं वारा घेतला. ताई क्रूझरजवळून ओरडली, "अहो, डबा उघडू का, का आधी तुमची ड्रेनेज लाइन पूर्ण होऊ द्यायची?"

"उघड तू," दाजी मान वर न करता म्हणाले. "चेंबर राहिलंय."