गुरुजींनी लिहिलेली तारीख

आमचे मामा केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले. खात्याचं नाव सांगत नाही. मामांना अजून बरीच वर्षं पेन्शन घ्यायची आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे वरणगावात निवृत्तांना तोटा नाही. चहाच्या टपरीवर निम्मी चर्चा महागाई भत्त्याची, उरलेली केळीच्या भावाची. अशा गावात मी कायदा वाचायला घेतला.

निमित्त झालं वेतनवाढीचं. सहाव्या वेतन आयोगानं सगळ्यांची वार्षिक वाढ १ जुलैला आणून ठेवली. त्यामुळे ३० जूनला निवृत्त होणारा माणूस वर्षभर राबून वाढीच्या आदल्या संध्याकाळी हार घालून घरी जायचा. मद्रासकडचे पी. अय्यमपेरुमाळ २०१३ साली असेच गेले. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणानं, म्हणजे ‘कॅट’नं, त्यांचा अर्ज फेटाळला. ते मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जिंकले. पुढे ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानंही कर्नाटकातल्या एका वीज कंपनीच्या खटल्यात तेच धरलं : वर्षभर राबून कमावलेली वाढ, हातात पडायच्या आदल्या दिवशी माणूस निवृत्त झाला म्हणून बुडत नाही.

वाढ तीन टक्के, म्हणजे जन्मभराची पेन्शनही तेवढीच जास्त. मी मामांचं आधार कार्ड पाहिलं. जन्म जूनचा!

“मामा, कॅटच्या नादी लागायचंच नाही. अय्यमपेरुमाळ तिथं हरले, हायकोर्टात जिंकले. आपण थेट हायकोर्ट.”

“तू शिकलेला,” मामा म्हणाले. मामी स्वयंपाकघरातून खोकल्या.

आमचा जळगाव जिल्हा हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे येतो. मामींनी कळण्याची भाकरी आणि भरीत बांधून दिलं. एसटीत मी शेजारच्या प्रवाशाला अजिंठ्याचा घाट संपेपर्यंत एल. चंद्रकुमार खटला समजावला. १९९७ साल, सात न्यायमूर्ती. न्यायाधिकरणाचे निर्णय तपासण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार हा घटनेचा गाभा, तो संसदेलाही काढता येत नाही. प्रवासी सिल्लोडला उतरला. त्याचं तिकीट पुढचं होतं, असा मामांचा दावा आहे.

खंडपीठातल्या वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “चंद्रकुमार पूर्ण वाचलात?”

“महत्त्वाचा भाग.”

“त्याच्याच पुढे लिहिलंय, की आधी कॅटकडे जायचं. तिथं हरलात तर दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे. थेट दार नाही.”

मी हिशेबाची वही काढली. पैसे, व्याज, व्याजावरचं व्याज. त्यांनी ती हलकेच मिटली. “हायकोर्ट हिशेब पुन्हा मांडत बसत नाही. कॅटनं कायदा नीट लावला का, दोन्ही बाजू ऐकल्या का, पुराव्याशिवाय निष्कर्ष तर काढला नाही ना, हे बघतं. हे अपील नव्हे.” मग मामांकडे वळून, “काका, रिटायर कधी झालात?”

“एकतीस मे.”

निरोप समारंभात भाषण मीच केलं होतं. नंतर आमरस होता. आमरस जूनअखेर नसतो, हे कळायला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

“जन्मतारीख एक जून ना?” वकील हसले. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. आणि महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी एक जूनलाच जन्मली आहे! शाळेत नाव घालताना आई सांगायची, “मोठा पूर आला त्या साली”. गुरुजी शाईत टाक बुडवून एक जून लिहायचे. त्यांनी दोन जून लिहिलं असतं, तर मामा ३० जूनला निवृत्त झाले असते आणि सर्वोच्च न्यायालय त्यांच्या पाठीशी.

“तारीख दुरुस्त करता येईल?”

“नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो.”

मामा नोकरीला लागले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता.

“मग गुरुजींच्या निर्णयाचं न्यायिक पुनर्विलोकन?” मी विचारलं. वकिलांनी फी घेतली नाही. चहा पाजला.

परतीच्या गाडीत मामा खुशीत होते. भाचा हायकोर्टाची कामं बघतो, असं त्यांनी पुढच्या सीटवरच्या एका पेन्शनरला सांगून टाकलं. त्यानं लगेच पिशवीतून कागद काढले. मीही सावरून बसलो. कोर्टात न गेलेल्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासूनच, हा २०२५ चा आदेश त्याला ऐकवला. मग जन्मतारीख विचारली.

“एक जून.”

“शाळा कुठली?” मामांनी पुढे वाकून विचारलं. “आणि गुरुजी कोण होते?”