लंगोटाचे पुरस्कर्ते

नातीच्या नावावरून आमच्या घरात वाद झाला नाही. वाद झाला तो तिला लंगोट बांधावा की डायपर, यावर. कापडी लंगोटाची बाजू सर्वांत हिरिरीने मांडली ती मी आणि आमच्या व्याह्यांनी. जुन्या धोतराचा मऊपणा, लुगड्याच्या दुपट्यांची ऊब, सुती कापडातून खेळणारी हवा... आम्ही दोघं अगदी रंगात आलो होतो.

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आपल्या मुलाला लंगोट कसा बांधायचो, सांगा बरं!"

कापडाची त्रिकोणी घडी मला आठवली. त्रिकोणाची दोन टोकंही कमरेशी आली. तिसरं टोक कुठे न्यायचं, ते मात्र काही केल्या आठवेना. व्याह्यांकडे पाहिलं, तर ते पंख्याकडे पाहत होते. तेव्हा लक्षात आलं, लंगोटाच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी लंगोट पाहिलेला असतो तो दोरीवर, धुऊन वाळलेला.

बायकोचं मत स्वच्छ डायपरला होतं. आषाढात दांडीवर लंगोट आंबायचे, मग शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवायचे. पोराला पावसाळाभर ओव्याच्या धुरीचा वास येई. "डायपर आधी निघाला असता तर माझी कंबर वाचली असती," ती म्हणाली.

सुनेने सांगितलं, की डायपरच्या वाटेवरचं एक पाऊल पडलं तेही अशाच एका वैतागलेल्या आईमुळे. अमेरिकेत 1946 साली मॅरियन डोनोव्हन या बाईने बाळाच्या ओल्या चादरी बदलून कंटाळून न्हाणीघराचा पडदा कापला आणि लंगोटावरून घालायचं, ओल बाहेर न येऊ देणारं आवरण शिवलं. कारखानदारांनी नाकं मुरडली. (तेही बहुधा लंगोट दोरीवरच पाहणारे असावेत.) मग 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात ते विकायला आलं आणि हातोहात खपलं. आजच्या डायपरमधले पाणी शोषणारे दाणे पुष्कळ नंतरचे.

एवढं सांगूनही सूनबाई होती लंगोटाच्या बाजूची. तिने लॅपटॉप उघडला. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2008 साली मांडलेला हिशेब असा: अडीच वर्षं डायपर वापरले तर साधारण 550 किलो कार्बन डायऑक्साइडचा भार, कापडी लंगोटांचा 570. म्हणजे फिट्टंफाट. पण लंगोट मशीन पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि धाकट्या भावंडालाही वापरले, तर 200 किलोंच्या आसपास वाचतात.

"दोरीवर वाळवा आणि धाकट्याला वापरा, हे कळायला साहेबाला 2008 उजाडलं?" बायको म्हणाली. 'धाकटं' हा शब्द ऐकताच दोन्ही आज्यांचे डोळे चमकले. सुनेने लॅपटॉप मिटला.

शेवटचं मत दिलं ते कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी. "डायपर वापरा नाहीतर काय बी वापरा, पण ओल्या कचऱ्यात उघडा टाकू नका. हात माझा जातो त्यात." 2016 च्या घनकचरा नियमांतही तेच होतं: डायपर नीट गुंडाळून कोरड्या कचऱ्यात टाकायचा. पुण्यात त्या पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, म्हणजे उघडण्याआधीच कळतं. डायपर धुवावा लागत नाही हे खरं. पण कुणाचा तरी हात त्यालाही लागतोच.

मग घरात एकच नियम ठरला: मत त्याचं, ज्याचा हात ओला. या कसोटीवर मतदारयादी फार आखूड झाली. मुलाने लंगोट धुवायचं पत्करलं आणि त्याला मत मिळालं. मी पुड्या बांधून लाल ठिपके काढायचं काम घेतलं. त्यावर मला अर्धं मत देण्यात आलं. निकाल लागला: दिवसा लंगोट, रात्री, प्रवासात आणि पावसाची झड लागली की डायपर.

व्याह्यांना मी नियम कळवला आणि त्यांच्या वाट्याला रविवारचं धुणं येऊ शकतं, हेही सांगितलं. संध्याकाळी ते डायपरचा भलामोठा गठ्ठा काखोटीला मारून दारात हजर.

"काय हो," घाम पुसत ते म्हणाले, "विज्ञानानं केवढी प्रगती केलीय!"