कपाटाची कैफियत

नागपूरकर भोसल्यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस काशीत आपला घाट बांधला, तेव्हा गंगेच्या पुराचा, यात्रेकरूंच्या वर्दळीचा आणि लक्ष्मीनारायणाच्या पूजेअर्चेचा बंदोबस्त त्यांनी चोख ठेवला. परंतु घाटामागच्या गल्लीत पुढेमागे कोणा मराठी रसिकाला स्टिरिओसाठी कपाट करावेसे वाटेल, ही बाब त्यांच्या कारभाऱ्यांच्या नजरेतून निसटली, एवढे खेदपूर्वक नमूद करणे भाग आहे.

कपाटाने आतल्या यंत्रांना वारा द्यावा आणि बाहेरचा हादरा देऊ नये, एवढीच माझी मागणी होती. माझा अँप्लिफायर जुन्या वळणाचा, व्हॉल्व्हचा. त्याच्या चार ईएल-३४ व्हॉल्व्हच्या तारा नुसत्या तापवायलाच सुमारे ३८ वॅट खर्ची पडतात. आणि ज्येष्ठात बाहेर लू वाहत असताना अशा गृहस्थाला बंद पेटीत कोंडणे कोणत्याच कायद्यात बसत नाही. सबब तळाला भोके, माथ्याला जाळी आणि पाठीला फळीच नाही, अशी तजवीज केली. गार हवा खालून शिरते, तापून हलकी होते आणि वरून निघून जाते. तबकडीचा कप्पा शेजारी, मध्ये पडदी घालून ठेवला. उष्णतेने रेकॉर्ड वाकते.

आत्याने नकाशा पाहिला. "दार आहे, पाठ नाही, तळाला भोकं. याला कपाट म्हणायचं की उंदरांची धर्मशाळा?" हरकत रास्त होती, भोकांवर बारीक तारेची जाळी ठोकल्यावरच मंजुरी मिळाली.

हादऱ्याचे प्रकरण अधिक नाजूक. सुई अवघ्या २ ग्रॅम भाराने खोबणीतून चालते. गल्लीतून सांड धावला, वरच्या मजल्यावर वरवंटा फिरला, किंवा स्पीकरचा स्वतःचाच खर्ज फळीतून परत आला, तरी तिला ते सर्व सारखेच संगीत वाटते. जड वस्तू मऊ आधारावर ठेवावी, हा यावरचा शास्त्रोक्त उपाय. मात्र त्या आधाराची स्वतःची आंदोलने सेकंदाला ४-५ च्या फार वर गेली, तर सुईच्या दांड्याच्या ८ ते १२ आंदोलनांशी त्यांचे संगनमत होते, आणि यापेक्षा आधार नसता तर बरे, अशी पाळी येते. म्हणून काशीचे घाट ज्या दगडाने बांधले त्या चुनारी दगडाची फरशी आणली, आणि तिच्याखाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब ठेवली. मिस्त्रीने फरशी पाहिली, ट्यूब पाहिली, आणि गाडी कुठे निघाली, एवढेच विचारले.

पहिली रेकॉर्ड लावली ती उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची. ज्या बालाजी मंदिरात त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला, ते याच काठावर, थोड्याच अंतरावर आहे. तिथल्या घंटा आणि नावाड्यांच्या हाका यांपासून त्यांना कोणी रबरावर बसवून अलिप्त केले नव्हते. त्यांची सनई ऐकण्यासाठी मात्र मला हा सरंजाम उभारावा लागला. संकटादेवीच्या देवळातली घंटा तरीही ऐकू येतेच. ती हवेतून येते, आणि हवेवर ट्यूबचा अंमल चालत नाही.

ट्यूब हळूहळू उतरते, फरशी एका कुशीला कलते आणि सुईचा दांडा भलतीकडे ओढ घेतो. म्हणून मैफलीपूर्वी पाणसळ लावून पंप मारावा लागतो. असे कपाट करण्याचा ज्यांचा मनसुबा असेल, त्यांनी सागवानाचा भाव नंतर विचारावा. आधी चांगला पंप घ्यावा, आणि ट्यूबचे तोंड कपाटाच्या पुढच्या बाजूस येईल असे ठेवावे.