बिनतारणी वेडेपणा

शहाणपणाला वकिलांची ददात नाही. वेडेपणाची बाजू मांडायला मात्र कोणी पुढे येत नाही, म्हणून मी येतो.

माझी अशील अशी. करमाळ्याकडच्या एखाद्या खेड्यातली बाई धडधाकट पगार सोडते आणि मिरची-मसाला कांडपाचं यंत्र घालायचं ठरवते. घरचे म्हणतात, पगार येतोय ना? दीर म्हणतो, वहिनी, लोक हल्ली मसाला पाकिटातून आणतात. दोघांचंही बरोबर आहे. तरीही ती जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढते. मला हे वेड फार मोलाचं वाटतं, कारण गावात पहिली गिरणी, पहिला छापखाना, पहिलं गॅरेज अशाच कोणीतरी घातलेलं असतं. हिशेब पुरा जुळेपर्यंत थांबणारे त्यांचे गिऱ्हाईक झाले.

तिच्यापुढे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, 2008 पासूनचा. उत्पादनाला 50 लाखांपर्यंत, सेवेला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. तिचा समजा 8 लाखांचा. ग्रामीण भागातली महिला म्हणून तिने पदरचे 5 टक्के, म्हणजे 40 हजार घालायचे; उरलेलं कर्ज बँकेचं. सबसिडी 35 टक्के, 2 लाख 80 हजार, पण ती हातात पडत नाही. बँकेत ठेव म्हणून 3 वर्षं राहते आणि धंदा चालू दिसला की कर्जात वळती होते. अट योग्यच आहे. सबसिडीपुरता बोर्ड लावून पुढच्या वर्षी शटर ओढणारे सगळ्यांनी पाहिलेत. त्यांची मी बाजू घेत नाही, ते वेडे नव्हेत.

अर्जासोबत प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो. अजून वीजजोडणी नाही, यंत्राचं फक्त कोटेशन आलंय, आणि पाचव्या वर्षीचा नफा लिहायचा! अनेकांना हा पोरखेळ वाटतो. मला तो कागद आदराने वाचावासा वाटतो. किती किलो मिरची, कोणत्या महिन्यात, लग्नसराईत किती, पावसाळ्यात किती, हे ज्या बाईने एकदा स्वतः बसून लिहिलं, तिने धंद्याचा निम्मा अभ्यास तिथेच केला. फक्त तो तिने लिहिलेला हवा, दुसऱ्याच्या रिपोर्टातलं नाव बदलून आणलेला नको.

आता सरकारच्या वेडेपणाबद्दल. ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही त्याला पैसे द्या, असं म्हणणारं राज्य मला शहाण्या राज्यापेक्षा जवळचं वाटतं. 2015 च्या मुद्रा योजनेत कर्जांची नावंच शिशु, किशोर, तरुण अशी आहेत. शिशु 50 हजारांपर्यंत. चालायला शिकणारं पोर पडणार, हे त्या नावातच मान्य केलं आहे. रिझर्व्ह बँकेने तर 2010 मध्येच सांगितलं, सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका. बुडीत कर्जाचा मोठा वाटा उचलायला 2000 सालापासून पतहमी निधी आहे. इतकी तजवीज असूनही शाखेत विचारलं जातं: जामीनदार कोण? थोडी एफडी ठेवता का? सात-बारा कोणाच्या नावावर? राज्याने विचारपूर्वक केलेलं वेडं धाडस काउंटरवरचं शहाणपण असं निम्म्यावर आणतं, याचा मला मनापासून राग येतो. दहातले दोन धंदे बुडाले तर योजना फसली असं म्हणणाऱ्यांनी उरलेल्या आठांच्या दारात जाऊन यावं.

राज्यकर्त्यांचं हे वेड जुनं आहे. औंधच्या राजांनी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलरोड स्टेशनजवळचा माळ कारखान्यासाठी दिला. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना हा माणूस तसले नांगर करत होता. कोणत्या शहाण्या दरबाराने त्याला जागा दिली असती? गिरगावातल्या सात बायकांनी 1959 मध्ये 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पुढे 1966 मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने लिज्जतला मान्यता आणि खेळतं भांडवल दिलं. आज माझ्या अशिलाची योजनाही तोच आयोग राबवतो.

कर्ज मिळालं तरी नवा धंदा बहुधा उधारीवर मरतो. माल गेला, बिल अडकलं, हप्ता मात्र तारखेला. 2006 च्या कायद्याने छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचंय, नाहीतर चक्रवाढ व्याज. पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करून पुढची ऑर्डर कोण गमावणार?

म्हणून मला सर्वांत आवडलेला सरकारी वेडेपणा कर्जाचा नाही, खरेदीचा आहे. महाराष्ट्राच्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या गेलेल्या नवउद्योगांना शासन काम देतं. ज्याचा माल अजून कोणी वापरलेला नाही, त्याचं पहिलं गिऱ्हाईक शासन होतं! हे वेड अॅपवाल्यांपुरतं का ठेवायचं? आश्रमशाळांना मसाला लागतो, शासकीय वसतिगृहांना लागतो. तालुक्यातल्या नव्या कांडपवालीकडून तो तपासून घ्या, वर्षभराची ऑर्डर लेखी द्या, आणि तिचं बिल 45 व्या दिवसाच्या आत चुकतं करा. तेवढ्या ऑर्डरच्या कागदावर तिला पुढचं कर्ज मागता येईल, जामीनदार न शोधता.